नाताळच्या सुट्टीआधी शाळेत मुलांसाठी भेटवस्तूंचं दुकान मांडायचंय, सल्ला हवा

तळ्याकाठची

नमस्कार. आमची शाळा गोव्यात, फोंडा तालुक्यात, मराठी प्राथमिक, पहिली ते चौथी, मुलं दीडशेच्या आतबाहेर. मी पालक-शिक्षक संघाच्या समितीवर आहे. गेल्या बैठकीत मी एक गोष्ट सुचवली आणि मुख्याध्यापिका बाईंनी ती उचलून धरली, म्हणून हा धागा.

नाताळच्या सुट्टीआधी शाळेत एक दिवस दुकान मांडायचं. गिऱ्हाईक फक्त मुलं. स्वतःसाठी काही घ्यायचं नाही. आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ, शेजारची काकी, ज्याला द्यावंसं वाटेल त्याच्यासाठी मुलाने स्वतः वस्तू निवडायची, तिथेच कागदात बांधून घ्यायची आणि सुट्टी लागते त्या दिवशी घरी न्यायची. काय घेतलंय ते घरी आधी कळता कामा नये.

आपल्या मुलांना घ्यायची सवय भरपूर आहे, द्यायची संधी मात्र फार कमी मिळते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं तर भेट आई आणते, आईच बांधते, वर नावही आईच लिहिते. गणेशचवथीला शेजारी नेवऱ्यांचं (करंज्यांचं) ताट मूल नेऊन देतं, पण ताटात काय घालायचं ते आजी ठरवते. सात वर्षांच्या मुलाला ‘आईला काय आवडेल’ हा विचार नीट करता येतो. तो करायची वेळ आपण त्याच्यावर येऊच देत नाही.

३ डिसेंबरला सायबाच्या, म्हणजे सेंट झेवियरच्या, फेस्ताची सुट्टी आणि १९ला मुक्तिदिनाची, म्हणून मधला आठवडा बाईंनी सुचवलाय. स्नेहसंमेलनाची तालीमही त्याच सुमारास असते, पण त्याचं बघू.

माझे प्रश्न : माल कुठून आणायचा? दीडशे मुलं एका खोलीतून कशी न्यायची? आणि सगळ्यात मोठा प्रश्न पैशांचा. आमच्याकडे कुळागरवाल्यांची, म्हणजे माड-पोफळीच्या बागायतदारांची, मुलं आहेत तशी बांधकामावर राबणाऱ्यांचीही आहेत. एकाच्या खिशात दोनशे रुपये आणि बाजूच्याच्या खिशात काही नाही असं होणार असेल तर दुकान न मांडलेलंच बरं. हे कसं टाळता येईल ते सांगा.

माडाखाली

सुंदर कल्पना. इकडे पेडण्यात असं काही झालेलं ऐकलं नाही. वाचतेय.

परतलेली चिमणी

ताई, अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. आम्ही तिकडे होतो तेव्हा मुलीच्या शाळेत डिसेंबरच्या सुरुवातीला ग्रंथालयात टेबलं मांडत. सगळं काम पालकसंघ करायचा. एकेक वर्ग आपल्या तासाला यायचा, लहान मुलांबरोबर एकेक मोठं माणूस फिरायचं.

त्यातली एक गोष्ट जरूर उचला : पाकीट. आठवडाभर आधी प्रत्येक मुलाच्या घरी एक कागदी पाकीट जातं. त्यावर रेघा आखलेल्या असतात, कुणासाठी घ्यायचं आणि त्याच्यासाठी किती खर्चायचं. पालक ते भरतात, आत पैसे घालतात, मूल पाकीट घेऊन दुकानात येतं. जे वाचता येत नाही ते मदतनीस वाचून दाखवतो. यामुळे मूल सगळे पैसे पहिल्याच टेबलावर आईसाठी संपवत नाही.

माल बहुतेक शाळा एखाद्या कंपनीकडून जांगड घेतात. खोके येतात, विकेल तेवढं विकायचं, उरलेलं परत. सोय मोठी, धोका नाही. पण माल चकचकीत आणि आठवडाभरात मोडणारा, अंगठ्या, बिल्ले, ‘सर्वात छान बाबा’ लिहिलेले पेले असला. काही शाळा त्यावर नफा ठेवतात आणि तो निधीत जमा करतात. काही शाळा मात्र घेतलेल्या भावानेच विकतात. तुम्ही दुसरी वाट धरावी असं मला मनापासून वाटतं. निधी जमवायला लकी ड्रॉ आहे, तियात्र आहे, खाद्यजत्रा आहे. मुलाने आजीसाठी घेतलेल्या वस्तूवर शाळेने पैसे कमवू नयेत.

पाटीपेन्सिल

मी प्राथमिक शिक्षक होतो, निवृत्त झालो. कल्पनेला विरोध नाही, पण पाकिटाला आहे.

पालकांनी पैसे घालून पाठवलेलं पाकीट म्हणजे घरची परिस्थिती मुलाच्या हातात देऊन त्याला वर्गात फिरवणं. मुलं पाकिटं उघडून एकमेकांना दाखवणार, त्यांना कुणी अडवू शकत नाही. आणि ज्याच्या घरून पाकीटच परत आलं नाही त्याचं काय? त्याला बाई ऐनवेळी आपल्या पर्समधून पन्नास रुपये देतील, सगळ्या वर्गासमोर. अशा वेळी मुलाची मान खाली जाते ती मी पाहिलेली आहे.

मुलांना देता येतं की नाही याबद्दल मात्र कुणी शंका घेऊ नये. सहलीला नेलं की आम्ही खर्चाच्या पैशांना मर्यादा घालून द्यायचो. त्या मोजक्या पैशांतून मुलं काय आणायची? थोडं खायला, आणि बाकी आईला बांगड्या, आजीला देवाचा फोटो, भावाला शिट्टी. कुणी सांगितलेलं नसायचं. जत्रेच्या फेरीतही हेच दिसतं. तेव्हा ताई म्हणतात ती इच्छा मुलांत आहेच. दुकान तिला वाट करून देईल, फक्त पैसा मध्ये आणू नका.

तळ्याकाठची

सर, तुम्ही माझ्या मनातलंच बोललात. मग असं केलं तर? खरे पैसे शाळेत आणायचेच नाहीत. प्रत्येक मुलाला शाळेकडून सारखीच पुठ्ठ्याची नाणी द्यायची. समजा प्रत्येकी साठ रुपयांची, एक वीसचं आणि चार दहाची. दीडशे मुलांचे नऊ हजार होतात. ही रक्कम संघाने उभी करायची. घरोघरी बंद पाकीट जाईल, त्यावर नाव नाही, ज्याला जे जमेल ते घालावं, रिकामंही परत द्यावं. कमी पडले तर माजी विद्यार्थी आहेत.

चिमणीताईंचं पाकीट तसंच राहील, पण त्यात पैशांच्या जागी फक्त यादी.

पाटीपेन्सिल

हे चालेल. रिकामं पाकीटही परत यायलाच हवं, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहा. म्हणजे कुणी घातलं आणि कुणी नाही ते बाईंनाही कळणार नाही.

चौथी अ

मी शिक्षिका आहे. एक वेगळं मत मांडते. खऱ्या नोटा, खरी नाणी हातात आल्याशिवाय मुलं हिशेब शिकत नाहीत. आता घरात सगळे मोबाइलवर टिचकी मारून पैसे देतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी पन्नासाची नोट देऊन मोड परत घेतलेली नाही. दुकान मांडताय तर ही संधी का घालवता?

तळ्याकाठची

मुद्दा पटतो. पण खरा पैसा आणला की सारखेपणा गेला, आणि तो गेला तर मला दुकानच नको. दहाचं आणि वीसचं पुठ्ठ्याचं नाणं असलं तरी बेरीज-वजाबाकी तीच करावी लागते. तीस रुपयांचा डाव (पळी) घेतला, वीस रुपयांचा रुमाल घेतला, उरले किती? हे मुलानेच सांगायचं.

चौथी अ

मग चौथीच्या मुलांना गल्ल्यावर बसवा. त्यांना पावती लिहू दे, दिवसाअखेरीस नाणी मोजून वहीशी मेळ घालू दे. त्यांचा गणिताचा तास तिथे सार्थकी लागेल. सहावी ते आठवीच्या मुलांना नव्या शैक्षणिक धोरणात दहा दिवस दप्तराविना आहेत. बाजूला माध्यमिक शाळा असेल तर तिथली मोठी मुलं त्या दिवशी मदतीला बोलावता येतील, विचारून बघा.

बाजारपेठ

माझं म्हापशात दुकान आहे, भेटवस्तू आणि कटलरीचं. मालाचं मी सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

दीडशे मुलं, प्रत्येकाच्या हाती साठ. बहुतेक जण तीन वस्तू घेतील, काही दोन. म्हणजे साधारण साडेचारशे नग लागणार. तुम्ही साडेपाचशे आणा. शेवटच्या मुलालाही निवड करता आली पाहिजे. समोर पाचच पेनं उरली असतील तर ते मूल निवडत नाही, उरलेलं उचलतं. आणि सगळा माल सकाळी एकदम मांडू नका. चार वर्गांचे चार भाग करून खोक्यांत बंद ठेवा, प्रत्येक वर्गासाठी टेबल नव्याने भरा. नाहीतर चांगलं ते पहिले वर्ग नेतात.

भाव तीनच ठेवा, दहा, वीस, तीस. बारा-पंधराच्या भानगडीत पडू नका. पंधरा रुपयांना मिळालेली वस्तू दहाला लावा, आठची दहाला लावा, एकूण जमवून घ्या.

घाऊक माल जांगड मिळतो, ओळखीचा दुकानदार असेल तर हमखास. डिसेंबरमध्ये आमची घाई असते, म्हणून नोव्हेंबरातच बोलून ठेवा. वेष्टन फोडलेली वस्तू कुणी परत घेत नाही, तेव्हा नमुना म्हणून प्रत्येकातली एकच वस्तू उघडी ठेवा.

आता काय आणू नये. धाकट्या भावंडांसाठी खेळणी घ्याल तर त्यावर आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. बटणासारखी चपटी बॅटरी असलेलं काहीही नको, दिवे लागणाऱ्या अंगठ्या, चमकणारे बिल्ले, काही नको. घरात रांगणारं मूल असतं, ती बॅटरी गिळली तर जिवावर बेतू शकतं. खाऊही नको. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या पन्नास मीटरांत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला अन्नसुरक्षेच्या २०२०च्या नियमांनी मनाई आहे, आणि चॉकलेट आजीपर्यंत पोचणारही नाही. सजावटीला थर्माकोल नको, १ जुलै २०२२पासून तो देशभर बंद आहे. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्याही त्याच यादीत आहेत.

काय आणावं : आयांसाठी गोष्टी बाजारात ढीगभर आहेत. चाप, कंगवे, छोटे आरसे, गाळणी, रुमाल. अडचण होते ती बाबांची आणि आजोबांची. त्यांच्यासाठी दहा-तीस रुपयांत काय आहे? पेन, किल्ल्यांची कडी, आणि तिथे संपलं. मुलं या टेबलापुढे उभी राहतात आणि रिकाम्या हाताने पुढे जातात. याचा विचार आधी करा.

कुळागर

भाऊंनी शेवटी जे म्हटलं त्याला माझ्याकडे उत्तर आहे. आजोबांसाठी बियांची पुडी. तांबडी भाजी, मुळा, वाल, भेंडी. पावसाळा संपला की आपल्याकडे मळे लागतात, डिसेंबरात भाजी पेरायचे दिवसच असतात. दहा रुपयांच्या पुडीत महिनाभराचं काम आणि नंतर ताटातली भाजी. बाबांसाठी तंगुसाची, म्हणजे मासे धरायच्या दोऱ्याची, गुंडी ठेवा, नदीकाठच्या गावांत अर्ध्या मुलांचे बाबा रविवारी गरी टाकून बसतात. गरी अर्थातच नको, नुसता तंगूस. सायकलच्या पंक्चरची डबी, छोटी विजेरी, सुताराची पेन्सिल. मुलाला बाबा काय करतात ते माहीत असतं, त्याला ती वस्तू समोर दिसली की पुरे.

दुसरं. निम्मा तरी माल गोव्यातला ठेवा. कुंकळ्ळीचे चितारी लाखेच्या रंगात लाकडी काम करतात, त्यांच्याकडे भोवरे आणि लहान लाटणी मिळतील का ते विचारा. नोंदणीकृत कारागिरांच्या मालाला भाऊंनी सांगितलेल्या त्या आयएसआय सक्तीतून सूट आहे. डिचोलीच्या कुंभारांकडे मातीच्या पणत्या, छोटे गडगे (मडकी). करवंटीचे डाव. बांबूच्या लहान टोपल्या. आणि ओवळांची माळ, ती सुकली तरी कपाटात वास देते, आजीसाठी यापेक्षा चांगलं काही नाही. हस्तकला महामंडळाच्या ‘अपरांत’ दुकानात जाऊन एकदा बघून या, भाव तुमच्या आवाक्याबाहेर असतील पण कुठे काय बनतं ते कळेल, मग थेट कारागिराकडे जा.

शाळेत माध्यान्ह आहार बनवणारा महिलांचा स्वयंसाहाय्य गट असेल ना? त्यांतल्या कितीतरी जणी शिवण, क्रोशा करतात. कापडी बटवे, गरम भांडी उतरवायच्या कापडांच्या जोड्या त्यांच्याकडून घ्या. पैसा गावात राहील.

माडाखाली

तंगूस! माझ्या मुलाने हे वाचून आत्ताच विचारलं, ‘आपल्या शाळेत कधी?’

सांजवात

नावाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ‘सांताचं दुकान’ असं नाव देऊ नका. म्हणजे सांताला माझा विरोध आहे असं नाही, आमच्या वाड्यावर नाताळचा गोठा आणि नखेत्र (चांदणीचा कंदील) बघायला आम्ही सगळे फिरतो. पण नाव सगळ्या मुलांचं असावं. दुकानात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळी मुलं येणार. सरळ ‘भेटीचं दुकान’ म्हणा.

आपल्याकडे ही देवघेव आहेच की. चवथीला आणि दिवाळीला आमच्या घरून शेजारच्या ख्रिस्ती घरी ताट जातं, नाताळला त्यांच्याकडून दोदोल, कुलकुल, बेबिंका असं भरलेलं ताट येतं. रिकामं ताट कुणी परत पाठवत नाही. मुलं हे पाहत वाढलेली आहेत. म्हणून यादीत शेजाऱ्यांसाठी एक ओळ नक्की ठेवा. आमच्या शेजारच्या मायला माझ्या मुलीने काहीतरी स्वतः निवडून नेऊन दिलं तर तिला किती आनंद होईल.

पाटीपेन्सिल

सांजवात यांनी यादीचा विषय काढला तो फार महत्त्वाचा आहे. यादीवर ‘आई’, ‘बाबा’ असं छापू नका. वर्गात एखादं मूल आजीकडे वाढत असतं, कुणाची आई नसते, कुणाचे बाबा वर्षभर जहाजावर असतात. कामगारांच्या मुलांचे आजी-आजोबा कर्नाटकात असतात. छापलेल्या ‘आई’पुढे ज्याला लिहिण्यासारखं काही नाही त्याचं काय होत असेल? नुसत्या तीन रेघा आखा आणि वर लिहा : ‘मला कुणाला द्यायचंय?’

मग बघा मुलं कुणाकुणाची नावं लिहितात. बालरथाचा, म्हणजे शाळेच्या बसचा, चालक, त्यात मुलांना चढवणारी मदतनीस, दुपारची भाजी वाढणाऱ्या मावशी, शाळेची घंटा देणारे काका. ही मुलं रोज ज्यांना पाहतात ती माणसं आपल्या यादीत कधी येत नाहीत.

दर्याकाठ

आम्ही बार्देशातल्या एका शाळेत असं दुकान मांडलं होतं. लांब लिहितेय, पण ज्यांना करायचंय त्यांना उपयोगी पडेल.

जागा : वर्गखोलीच हवी, सभागृह नको. मोठ्या जागेत मुलं धावतात, छोट्या खोलीत थांबतात. टेबलं भिंतीला लावून चौकोन केला, मधून मुलं. टेबलं मुलांच्या उंचीची, म्हणजे पहिलीच्या वर्गातली बाकं. मोठ्यांच्या टेबलावर मांडलेलं पहिलीच्या मुलाला दिसतच नाही.

वर्ग एकदम आत घेऊ नका. दहा-दहा मुलांची तुकडी करा. दहा मुलं आत, पुढची दहा बाहेर यादी हातात धरून बसलेली. पहिलीला सर्वात जास्त वेळ लागतो असं वाटतं, पण तसं नाही. पहिलीची मुलं डोळ्यांना आवडलं ते पटकन घेतात. तिसरीची मुलं रेंगाळतात. त्यांना भाव कळतो, घरातली गरज कळते आणि आवडही कळते, तिन्ही जमवायला वेळ जातो. त्यांना वेळ द्या.

सगळ्यात मोठा अडथळा बांधणीच्या टेबलावर येतो. तीन वस्तू गुणिले मुलं, आणि प्रत्येक वस्तू कागदात बांधायची, तर तिथे रांग लागते. विक्रीला दोन माणसं पुरतात, बांधणीला सहा लागतात. आम्ही जुनी वर्तमानपत्रं चौकोनी कापून ठेवली होती आणि आधीच्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला मुलांनी भेंडीच्या आणि बटाट्याच्या ठशांनी त्यावर तांबड्या रंगात नक्षी केली होती, जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची असते तशी. चिकटपट्टी नाही, सुती दोरी. दोरीत चिठ्ठी अडकवायची आणि चिठ्ठी मुलाने स्वतःच्या हाताने लिहायची. पहिलीच्या मुलाने ‘आज्जी’ हा शब्द कसाही लिहिला असला तरी तो दुरुस्त करू नये, हे मदतनिसांना आधी बजावून सांगा.

बांधलेल्या वस्तू त्या दिवशी घरी देऊ नका. एक पिशवी करून नाव घालून वर्गातल्या कपाटात ठेवा, सुट्टी लागते त्या दिवशी द्या. मधल्या दिवसांत मुलांच्या पोटात गुपित राहत नाही, पण वस्तू फुटत नाहीत आणि दप्तरात चिरडत नाहीत.

आता मला खरं सांगायचंय ते. मदतनीस निवडताना फार काळजी घ्या. आपल्या मोठ्यांना मुलाच्या वतीने निवडायची इतकी सवय असते की तोंडातून आपोआप निघतं, ‘हे घे ना, आईला हे आवडेल.’ आमच्या दुकानात दुसरीतला एक मुलगा चहाची गाळणी घेऊन उभा होता. एका मदतनीस काकींनी प्रेमानेच त्याला फुलाचा चाप दाखवला, हा किती छान आहे, आईच्या केसांत शोभेल. तो मानेनेच नाही म्हणाला. त्यांनी पुन्हा दाखवला. तेव्हा तो म्हणाला, ‘आमची गाळणी फाटलीय, आई फडक्याने गाळते.’ त्या मुलाने घरात जे पाहिलं होतं ते आम्हाला कुणाला माहीत असणं शक्य नव्हतं. चाप घेऊन घरी गेला असता तर त्याच्या आईला एक चाप मिळाला असता, एवढंच.

आणि उलटही होतं. एका मुलीने आजोबांसाठी गुलाबी आरसा घेतला. आम्ही काही बोललो नाही. तिला विचारलं असतं तर तिच्याकडे कारण असणारच. नसलं तरी चालतं. आजोबांना नातीने गुलाबी आरसा दिला, ते दाढी करताना तो वापरतील.

मदतनिसांना आम्ही तीनच वाक्यं बोलायची मुभा दिली होती : ‘कुणासाठी?’, ‘तुझ्याकडे अजून इतकी नाणी आहेत’ आणि ‘अजून बघायचंय का?’ बाकी काही बोलायचं नाही. आणि स्वतःच्या मुलाच्या वर्गाच्या वेळी कुठल्याही आई-बाबांनी खोलीत थांबायचं नाही. हा नियम अजिबात शिथिल करू नका. आई समोर असताना मूल आईसाठी निवडू शकत नाही.

बाजारपेठ

दर्याकाठ, गाळणीचं वाचून थांबलो. मी दुकानात तीस वर्षांहून जास्त काळ बसतोय, मुलं येतात ती मोठ्यांचं बोट धरून. मुलाने बोट दाखवलेली वस्तू मोठ्यांनी परत फळीवर ठेवलेली मी रोज बघतो. तुमची ती तीन वाक्यं माझ्या नोकरांनाही शिकवतो.

चौथी अ

उरलेल्या नाण्यांचं काय करायचं? कुणी तीसचंच घेतलं आणि बाकीची तशीच राहिली तर?

दर्याकाठ

घरी नेऊ द्यायची नाहीत, नाहीतर ती संग्रहात जातात आणि तुमचा मेळ बसत नाही. आम्ही दाराशी एक टोपली ठेवली होती, दहा रुपयांच्या छोट्या वस्तूंची. उरलेल्या नाण्यात त्यातलं काहीतरी शाळेतल्या एखाद्या माणसासाठी घ्यायचं. मावशींना त्या दिवशी इतक्या पुड्या मिळाल्या की त्यांनी पदरात बांधून नेल्या. पण जबरदस्ती करू नका. एखाद्याला परत द्यायची असतील तर परत घ्या.

परतलेली चिमणी

दर्याकाठ, गैरहजर मुलांचं काय केलंत? तिकडे हा प्रश्न नेहमी यायचा.

दर्याकाठ

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास दुकान पुन्हा उघडं. तेवढ्यासाठी सगळ्या प्रकारांतले दोन-दोन नग खोक्यात राखून ठेवले होते. ताप येऊन घरी राहिलेल्या मुलाला ‘तुझ्यासाठी आम्ही निवडून ठेवलंय’ असं सांगायचं नाही, त्याला निवडू द्यायचं.

सांजवात

शिक्षकांच्या मुलांना किंवा धाकट्या बालवाडीच्या मुलांना पण येऊ द्याल का? आमच्या शाळेच्या आवारात अंगणवाडी आहे.

तळ्याकाठची

अंगणवाडीच्या मुलांना पुढच्या वर्षी. या वर्षी चार वर्गच.

सगळ्यांचे खूप आभार. काल बैठकीत हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं. नाव ‘भेटीचं दुकान’. प्रत्येकाला साठची पुठ्ठ्याची नाणी, ती चौथीची मुलं हस्तकलेच्या तासाला बनवतील. बिननावाची पाकिटं या आठवड्यात घरी जातील. यादीवर तीन मोकळ्या रेघा. नफा शून्य, हिशेब फळ्यावर लिहिणार. बांधणीला सात जणी तयार आहेत, त्यातल्या दोघी आज्या आहेत आणि त्यांना पुड्या बांधायचा हात आहे. तिसरीला इतरांपेक्षा जास्त वेळ.

एका सदस्यांनी विचारलं की एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुलांकडून कागदाची शुभेच्छापत्रं करून घेतली तर? तीही करूच. पण पत्रं सगळ्यांची एकसारखी होतात, बाई फळ्यावर काढतात तशी. साडेपाचशे वस्तूंतून एक उचलताना मुलाला घरचं माणूस डोळ्यांसमोर आणावं लागतं, मला तेच हवंय. बाईंनी माझ्या बाजूने मत दिलं आणि विषय मिटला.

राहिलंय ते मालाचं. डिचोलीहून पणत्या आणि गडगे मी स्वतः आणते. कुंकळ्ळीला चौकशी सुरू आहे. क्रोशाचे बटवे आमच्या आहार गटातल्या ताई देतायत. बाजारपेठ भाऊ, बाकीचा माल तुमच्याकडून जांगड मिळेल का? गाळण्या, रुमाल, विजेऱ्या, कंगवे, तंगूस सोडून बाबांसाठी जे काही सुचेल ते. साधारण तीनशे नग. फोंड्याला पोचवायचं कसं?

बाजारपेठ

मिळेल. गाळण्या जास्त ठेवतो, स्टीलच्या, प्लास्टिकच्या नकोत. बाबांसाठी नखं कापायची कात्री, दाढीचा ब्रश, मोजपट्टी, हेल्मेट पुसायचं कापड असं काढून ठेवतो, तुम्ही येऊन बघा आणि नको ते बाजूला करा. शुक्रवारी येऊ नका, त्या दिवशी आमचा बाजार असतो, मला मान वर करायला वेळ नसतो. शनिवारी सकाळी या. बियांची पुडी देणारे आजोबा आमच्याच बाजारात बसतात, त्यांना मी सांगून ठेवतो. खोक्यांवर वर्गांची नावं घालूनच भरून देतो, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी आणि एक गैरहजरांचं. फोंड्याच्या बाजूला माझा टेम्पो मंगळवारी जातो, त्यात चढवीन. भाड्याचं काही नको.

तळ्याकाठची

शनिवारी येते. बरोबर कुळागर येतायत का विचारते, बिया त्यांनीच बघितलेल्या बऱ्या.

कुळागर

येतो. भेंडीचं बी जुनं असेल तर घ्यायचं नाही, ते उगवत नाही.